जावात १२७ पर्यंत जुळतंय, १२८ पासनं का जुळंना?

खानापूरकर_पोरगा
नमस्कार मंडळी, मी बेळगावात इंजिनिअरिंगला आहे, गावच्या दूध डेअरीसाठी जावात हिशेबाचा छोटा प्रोग्राम लिहूलालोय. सभासद नंबर दोन ठिकाणांहून येतो, दोन्ही इंटीजरमध्ये (पूर्णांक ठेवायचा जावाचा एक टाईप) ठेवून == नं (दोन्ही सारखे काय ते बघणारं चिन्ह) जुळवतोय. १२७ पर्यंत सगळं बरोबर, १२८ पासनं पुढं नंबर तोच असून फॉल्स, म्हणजे सारखे नाहीत, असं येतंय, काय कळंना झालंय. सी भाषेत असलं कधी बघितलं नाही, पायथनमध्ये तर टाईप लिहावाच लागत नाही. इंट आणि इंटीजर वेगळे कशाला ठेवलेत? सगळ्या भाषांत इंट म्हणजे एकच नव्हे काय? नीट समजावून सांगा की.

निपाणीकर_पुण्यात
भावा, इंट हा प्रिमिटिव्ह, म्हणजे साधा टाईप, त्याच्यात आकडा थेट असतो. इंटीजर हे ऑब्जेक्ट, म्हणजे मेमरीत वेगळी ठेवलेली वस्तू, व्हेरिएबलमध्ये त्याचा फक्त पत्ता असतो आणि == पत्ते जुळवतं, आकडे नाही. -१२८ ते १२७ मधले ऑब्जेक्ट जावा एकदाच करून ठेवतं आणि तेच तेच परत देतं म्हणून पत्ता एकच निघतो, १२८ ला नवीन ऑब्जेक्ट, नवीन पत्ता. इक्वल्स वापर, ते आकडे जुळवतं, नाहीतर सरळ इंट ठेव. पण इंट नल, म्हणजे रिकामा, होत नाही, नंबर भरायचा राहिला तर फील्डमध्ये शून्य बसतं आणि मग खरंच शून्य आहे की भरलंच नाही ते कळत नाही, तिथं इंटीजर बरं. वेगळे ठेवलेत ते वेग आणि मेमरीपायी, दहा लाख इंटची ॲरे (ओळीनं ठेवलेली यादी) ४० लाख बाइटांत बसते, इंटीजर केलं की प्रत्येकाचा पत्ता वेगळा, वर ऑब्जेक्टची जागा वेगळी.

शहापूरचा_राजू
पायथनमध्ये कर की. सगळंच ऑब्जेक्ट, इंटला वरची हद्दच नाही, २ चा १००० वा घात काढला तरी पूर्ण आकडा देतं. टाईपचा विचारच नको.

उद्यमबाग_कंट्रोलर
विचारच नको असं पोरांना सांगू नका राजूभाऊ. सी मध्ये इंट किमान १६ बिट (१६ बायनरी अंकांचा), एवढीच हमी आहे. आर्डुइनो उनो आर३ या छोट्या कंट्रोलर बोर्डवर तो १६ बिटच, म्हणजे ३२,७६७ पर्यंत. मिलिसचा (बोर्ड चालू झाल्यापासनंचे मिलिसेकंद) आकडा त्यात ठेवला की भट्टीचा टायमर ३२ सेकंद झकास चालतो आणि लगेच उणे दाखवतो, तोच कोड ईएसपी३२ या दुसऱ्या बोर्डवर टाकला तर तीन आठवडे काही होत नाही कारण तिथं इंट ३२ बिट. म्हणून आम्ही यूइंट३२_टी असली रुंदी सांगणारी नावंच वापरतो. ४ जून १९९६ ला आरियान ५ रॉकेट उडाल्यावर ४० सेकंदांच्या आसपास फुटलं ते ६४ बिटचा फ्लोट (दशांश आकडा) १६ बिटच्या इंटीजरात घालताना. जावात हे बरं आहे, इंट कुठल्याही मशीनवर ३२ बिटच.

खानापूरकर_पोरगा
इक्वल्स घातलं, जुळलं, लई आभार. आता पैसे डबलमध्ये (दशांशाचा टाईप) ठेवू काय? ०.१ + ०.२ केलं तर ०.३०००००००००००००००४ येतंय.

निपाणीकर_पुण्यात
अजिबात नको. ०.१ बायनरीत नेमका बसतच नाही. सगळं रुपयांत नव्हे, पैशांत मोज (१ रुपया म्हणजे १००), आणि इंट नव्हे, ६४ बिटचा लाँग घे. इंटची हद्द २,१४,७४,८३,६४७, तेवढे पैसे म्हणजे २ कोटी १४ लाख रुपये, मोठ्या संघाची उलाढाल सहज वर जाते आणि जावा एरर न देता गुपचूप उणे आकडा देतं. बेरजेला मॅथमधलं ॲडएक्झॅक्ट वापरलंस तर अडवतं. दुधाच्या फॅटवरनं दर काढताना बिगडेसिमल (दशांश नेमका ठेवणारा टाईप), आणि त्याला आकडा स्ट्रिंगमधनं, म्हणजे मजकूर म्हणून, दे, डबलमधनं दिलास तर चूक आत जाते.

वडगावची_ताई
सभासदांची नावं मराठीत ठेवणार असशील तर आणखी एक बघ. 'बेळगाव' ची लांबी जावा ६ सांगतं कारण मात्रा, काना वेगळे मोजतं, गो भाषेत लेन (लांबी) १८ येतं, ते बाइट मोजतं, स्विफ्ट भाषा ४ म्हणते, ती डोळ्याला दिसणारी अक्षरं मोजते. पावतीवर जागा कमी म्हणून नाव मधनंच कापू नकोस, मात्रा गळून पडते आणि माणसाचं नावच बदलतं.