चारही टायरमध्ये हवा कमी आणि गाडीतला दिवा लागलाच नाही, बाहेरून सेन्सर बसवू का?

पौडफाटा_मीरा:
नमस्कार मंडळी, जरा तातडीने सल्ला हवाय. पुढच्या आठवड्यात बाबांना घेऊन पुण्याहून नागपूरला चाललेय, संभाजीनगरपर्यंत जाऊन पुढे समृद्धी. गाडी ४ वर्षं जुनी हॅचबॅक, टायरची हवा कमी झाली की दिवा लागतो असं घेताना सांगितलं होतं, त्या भरवशावर मी गेले दोन महिने हवा बघितलीच नाही. आज सहज पंपावर चेक केली तर २६, २६, २७ आणि मागच्या डाव्याला ३०! दारावरच्या स्टिकरवर ३३ लिहिलंय. दिवा कुठेच नाही. खराब झालाय का? त्यापेक्षा बाहेरून मिळतात ते सेन्सर बसवून घेऊ का? व्हॉल्व्हच्या टोपीवर लावायचे घ्यावेत की टायरच्या आत बसतात ते?

घाटातला_गडी:
ताई, स्क्रीनवर प्रत्येक टायरचा आकडा दिसतो का नुसता पिवळा दिवा? नुसता दिवा आणि एक सेट बटण असेल तर बहुतेक तुमच्या टायरमध्ये सेन्सरच नाहीये. गाडी हवा मोजतच नाही, एबीएसचे (जोरात ब्रेक लावल्यावर चाक लॉक होऊ न देणारी सिस्टीम) सेन्सर असतात ना चाकाचा वेग बघणारे, त्यावरून अंदाज बांधते. हवा कमी झाली की टायर जरासा बसतो, घेर कमी होतो, मग तेवढ्याच अंतराला ते चाक बाकीच्यांपेक्षा किंचित जास्त फिरतं, तो फरक दिसला की दिवा. आता चारही टायर महिन्याला एक-दोन पीएसआय (हवेच्या दाबाचं माप, तुमचे २६, २७ तेच) असे सारखेच उतरत गेले तर फरक कुणाशी काढणार? नवीन काही गाड्या चाकाच्या थरथरीवरूनही ओळखतात, पण जुन्या साध्या सिस्टीमला हे जमत नाही.

आणि मागच्या डाव्याला ३० कसे? मध्ये पंक्चर काढलं होतं का?

पौडफाटा_मीरा:
हो, दोन महिन्यांपूर्वी. तेव्हा दिवा लागला होता, पंक्चरवाल्या दादांनी स्ट्रिप मारून त्या एकाच टायरमध्ये हवा भरली, पण दिवा जाईना म्हणून मी स्टेअरिंगजवळचं ते बटण दाबून धरलं, तर गेला.

घाटातला_गडी:
मग उत्तर तिथेच आहे. ते बटण दिवा घालवायला नसतं, त्याचा अर्थ 'आत्ता चाकं जशी आहेत ती बरोबर आहेत, हे लक्षात ठेव'. तुमचे बाकीचे तीन तेव्हा २८ च्या आसपास असणार, गाडीने तेच प्रमाण धरलं. दिवा खराब नाहीये. सकाळी गाडी थंड असताना चारही टायर स्टिकरप्रमाणे भरा आणि मगच बटण दाबा, नंतर थोडं चालवल्यावर गाडी नवीन माप शिकते. हवा भरली, टायर बदलले, पुढचे मागे केले, दर वेळी हे करायचं. त्याआधी कध्धीच नाही.

बुटीबोरी_एक्सप्रेस:
मी म्हणतो समृद्धीवर उन्हाळ्यात २८च ठेवा, गरम होऊन हवा वाढते अन् टायर फुटतो. आमच्याकडे सगळे असंच करतात.

घाटातला_गडी:
भाऊ, मनापासून सांगतो, असं नका करू. हवा कमी असली की टायरची साइड प्रत्येक फेरीला जास्त दुमडते, १२०ने तासभर सलग चाललं की त्या दुमडण्यानेच रबर आतून तापतं, आणि जुना टायर असेल तर तिथेच तो जातो. गरम झाल्यावर चार-पाच पीएसआय वाढणार हे धरूनच कंपनीने थंड टायरचा आकडा दिलेला असतो. म्हणून वाटेत थांबल्यावर ३७-३८ दिसले तरी हवा सोडायची नाही.

शिकागोचा_पक्या:
इकडचं सांगतो. अमेरिकेत २०००च्या आसपास फायरस्टोनचे टायर फोर्ड एक्सप्लोरर गाड्यांवर चालता चालता सोलून निघायचे, अडीचशेहून जास्त माणसं गेली, त्यानंतर कायदा आला आणि सप्टेंबर २००७ पासून प्रत्येक नव्या कारला ही सिस्टीम सक्तीची झाली. पण त्या कायद्यात दिवा लागायची हद्द आहे ठरलेल्या हवेपेक्षा २५ टक्के खाली, म्हणजे ३३च्या गाडीत जवळजवळ पावणेपंचवीसला! युरोपात ही हद्द २० टक्के. तेव्हा २७वर दिवा नाही म्हणजे हवा बरोबर आहे असा अर्थ कुठेच होत नाही.

माझ्या गाडीत टायरच्या आतले सेन्सर आहेत, आकडा दिसतो. थंडीच्या पहिल्या कडक सकाळी दिवा हमखास लागतो, साडेपाच डिग्रीला साधारण १ पीएसआय उतरतो. तुमच्याकडेही नाशिकला पहाटे ८ आणि दुपारी ३० असले तर साडेतीन-चारचा फरक पडेल, पंक्चर समजून घाबरू नका.

वाकडचं_चाक:
मीराताई, मी दोन्ही प्रकार वापरलेत. टोपीवाले घरी पाच मिनिटांत लागतात, डॅशबोर्डवर सोलरचा छोटा डिस्प्ले, चार आकडे समोर. सेल साधा बटणासारखा, घरी बदलता येतो. पण हवा भरायची म्हणजे दर वेळी आधी चोरी टाळायचा नट सोडवा, मग सेन्सर काढा, परत लावताना रबर वॉशर नीट बसला नाही तर तिथूनच हवा जाते. लावल्यावर साबणाचं पाणी टाकून फेस येतोय का बघायचंच. रबरी व्हॉल्व्ह जुना असेल तर सेन्सरच्या वजनाने मुळाशी चिरा पडतात, आधी व्हॉल्व्ह नवे टाका.

आतले दिसत नाहीत, चोरीला जात नाहीत, पण सेल आतच सीलबंद, पाच-सात वर्षांनी अख्खा सेन्सर बदला. आणि पंक्चरवाल्याला न चुकता आधी सांगायचं! माझा एक सेन्सर टायर उतरवताना मशीनच्या पात्याखाली तुटला, व्हॉल्व्हच्या अगदी मागेच असतो तो, त्या बिचाऱ्याला माहीतच नव्हतं आत काही आहे, चूक माझी, मी सांगायला हवं होतं. आता मी चाकाच्या रिमवर व्हॉल्व्हपाशी पांढऱ्या रंगाने ठिपका केलाय. पंक्चरचं लिक्विड टाकत असाल तर तेही सेन्सरच्या भोकात अडकू शकतं.

अजून एक, गाडी उभी असताना हे सेन्सर सेल वाचवायला झोपतात, त्यामुळे सकाळी दिसणारा आकडा रात्रीचाही असू शकतो, थोडं चालवल्यावर खरा येतो. आणि साइडला फुगा आलाय, कट गेलाय, टायर घासलाय, यातलं काहीही कुठलाच सेन्सर सांगत नाही. हात फिरवून बघा. टायरवरचा चार आकडी कोडही वाचा, २३१९ असेल तर २०१९चा तेविसावा आठवडा.

माझं मत, प्रवास आठवड्यावर आलाय तर आतले बसवायच्या भानगडीत आत्ता पडू नका. व्हॉल्व्ह बदलून टोपीवाले घ्या, आणि काही झालं तरी हवा मोजायचा चांगला गेज गाडीत हवाच, पंपावरच्या मीटरचा भरवसा नाही.

घाटातला_गडी:
स्टेपनीपण बघा हो ताई! तिच्यावर ही सिस्टीम लक्ष ठेवत नाही. २०२० पासून टीपीएमएस (हीच हवेवर लक्ष ठेवणारी सिस्टीम) आणि पंक्चर किट असलेल्या कारला स्टेपनी नसली तरी चालते, पण तुमच्या गाडीत असेल तर तिची हवा तुम्हीच बघायची.

पौडफाटा_मीरा:
सगळ्यांचे खूप आभार, खरंच. काल गेज आणला, आज सकाळी सहाला गाडी हलवायच्या आधी चारही टायर घरच्या छोट्या पंपाने ३३ केले, मग बटण दाबलं. टायर गाडीबरोबरचेच, २०२१चे निघाले, पुढच्या उजव्याला बाहेरच्या बाजूने बोटाच्या पेराएवढा फुगा होता, तो आजच बदलतेय, व्हॉल्व्ह चारही नवे. टोपीवाले सेन्सर ऑर्डर केलेत, परवा येतील.

आणि दादा, स्टेपनीत १४ होती.