मॉडेस्टी म्हणजे झगा घातलेला बॉन्ड नव्हे

इथल्या चर्चेत वर कुणीतरी मॉडेस्टी ब्लेझला, म्हणजे पीटर ओ’डॉनेलच्या चित्रपट्ट्या आणि कादंबऱ्यांतल्या नायिकेला, ‘झगा घातलेला बॉन्ड’ म्हणून निकालात काढलंय, ते काही पटलं नाही. बॉन्ड सरकारी पगारी. ही बाई मोरोक्कोतल्या टँजिअरची गुन्हेगारी टोळी चालवून, गडगंज होऊन निवृत्त झालेली. ब्रिटिश गुप्तहेर खात्याच्या टॅरंटसाहेबांची कामं करते ती आपल्या मर्जीनं. आणि तिचा उजवा हात विली गार्विन तिच्यावर जीव ओवाळून टाकतो, तरी दोघांत प्रेमप्रकरण नाही. हे बॉन्डला जमलं असतं का?

तिचं मूळ मात्र इथे कुणी सांगितलं नाही. १९४२ साली पीटर ओ’डॉनेल सैनिक म्हणून इराणात होता. तिथे त्याला एक एकटी निर्वासित पोर दिसली, हातात लाकडाला खिळा बांधून केलेलं हत्यार. सैनिकांनी दिलेलं खाऊन ती आपल्या वाटेनं निघून गेली. वीसेक वर्षांनी, १९६३ मध्ये, तीच पोर वर्तमानपत्रातल्या चित्रपट्टीत (कॉमिक स्ट्रिप) मॉडेस्टी होऊन आली.

मला तिच्या कादंबऱ्यांतलं पहिलं पुस्तक इथे इंदूरला खजुरी बाजारात जुन्यांच्या ढिगात मिळालं, शेवटची चार पानं गायब! शेवट आत्यानं सांगितला, पोह्यांवर जीरावण मसाला भुरभुरता भुरभुरता. तिनं म्हणे कॉलेजात असतानाच मालिका संपवली होती, आणि घरात कुणाला पत्ताही नव्हता.