बालेकिल्ला झाला, पण आमच्या गल्लीतल्या लाइटचं काय?

सिडकोकर: ऑक्टोबर २०२५ मध्ये पोलिसांनी भाई लोकांना कॅमेऱ्यासमोर 'नाशिक जिल्हा, कायद्याचा बालेकिल्ला' म्हणायला लावलं, सगळ्यांनी स्टेटसला ठेवलं, मीपण ठेवलं, खोटं कशाला बोलू. पण सेकंड शिफ्ट सुटल्यावर अंबड एमआयडीसीतून येताना गार्डनपाशी टोळकं बसलेलंच, हायमास्ट तीन महिने बंद, आणि बाजूच्या व्यायामशाळेत मंडपवाल्याचे बांबू ठेवलेत. सगळं पोलिसांवर ढकलून महापालिका मोकळी कशी काय?

गोदाकाठचा: लाइट लावून कोयता थांबतो होय रे भाऊ? पंचवटीत माझ्या मित्राच्या टपरीवर दर आठवड्याला फुकट सिगारेटी उचलणारे दोघं, ते व्हिडिओ फिरायला लागल्यापासून फिरकले नाहीत. काही म्हण, धाक लागतो.

निफाडची सून: धाक म्हणे. भाई लोकांची अशी कॅमेऱ्यासमोर धिंड काढणं कुठल्या कलमात बसतं ते सांगा आधी. तडीपारी कायद्यात आहे, महाराष्ट्र पोलीस कायदा १९५१, कलम ५६, जास्तीत जास्त दोन वर्षं. पण तडीपार झालेला जातो कुठे? आमच्याकडे नाहीतर सिन्नरला! तुमची ब्याद आमच्या गावात.

गोदाकाठचा: मग काय आरती ओवाळायची त्यांची? घरांवर बुलडोझर घाला, आपोआप सरळ होतात.

निफाडची सून: सुप्रीम कोर्टाने नोव्हेंबर २०२४ मध्येच सांगितलंय, आरोपी आहे म्हणून घर पाडता येणार नाही, बांधकाम बेकायदा असलं तरी आधी १५ दिवसांची नोटीस द्यायची. आणि त्या घरात त्याची म्हातारी आई राहते, तिने कोणाला कोयता दाखवला?

सिडकोकर: ताई मुद्दा बरोबर, पण दादाचंही अगदीच चूक नाही, गाडीची काच फुटलेली बघून उठलं की कायदाबियदा आठवत नाही माणसाला. मला खरी भीती सोळा-सतराच्या पोरांची वाटते. अठराच्या आतला म्हणजे बाल न्याय मंडळापुढे जाणार, हे मोठ्या भाईंना पक्कं माहीत असतं म्हणून तर कोयता पोराच्या हातात देतात. त्या पोराला संध्याकाळी सहा ते दहा बसायला जागा कोण देणार, पोलीस?

गोदाकाठचा: व्यायामशाळा उघडली तरी तिथे भाईच बॉडी करणार बघ 😄

सिडकोकर: हसू नको, अपडेट ऐक. हायमास्ट काल लागला. खांबाला लगेच भावी नगरसेवकाच्या वाढदिवसाचा बॅनर, खाली शुभेच्छुकांच्या फोटोंची रांग, त्यात डावीकडून तिसरा गॉगलवाला म्हणजे गार्डनपाशी बसणाऱ्यांतलाच एक. आता लख्ख उजेडात दिसतो.