लिहायचं तर घराबाहेर पडा

एका लिहिणाऱ्या आईने विचारलंय, मूल दोन वर्षांचं असताना कथा पूर्ण कशी करायची? पहाटे उठून लिहा हा सल्ला मला पटत नाही. रात्री दोनदा उठणाऱ्या आईची उरलीसुरली झोपही त्यात जाते. आठवड्यातून दोन संध्याकाळी मूल नवऱ्याकडे सोपवून बाहेर पडा. बंद दारामागे आई आहे हे कळलं की मूल दार वाजवतंच. नाशकात असाल तर १८४० पासूनचं सार्वजनिक वाचनालय आहे, तिथे जा. एरवी सुचेल ते फोनवर बोलून टाइप करा, पण त्याच रात्री दुरुस्त करा: विरामचिन्हं गळतात, पात्रांची नावं बदलतात, नंतर आपलंच वाक्य लागत नाही. लिहून उठताना पुढचा प्रसंग एका ओळीत नोंदवून ठेवा. दिवाळी अंकासाठी कथा जून-जुलैत तयार हवी. गणपतीत पाठवलेली बहुधा उशिराची ठरते.