लग्नानंतर आधी काय हाती घ्यावे: क्रेडिट कार्ड, शैक्षणिक कर्ज की पीपीएफ?

प्रश्न
आमच्या लग्नाला सात महिने झाले असून आम्ही पुण्यात भाड्याने राहतो. यजमानांचा हातात येणारा पगार ४२,००० आणि माझा ३०,००० रुपये आहे. घरभाडे १८,०००, घरखर्च २०,०००, दोन्हीकडच्या आईवडिलांना मिळून १०,००० आणि माझ्या शैक्षणिक कर्जाचा सुमारे ७,७०० रुपयांचा हप्ता वजा जाता जेमतेम सोळा हजार उरतात. कर्जाचे ३,६०,००० रुपये साडेदहा टक्के बदलत्या व्याजदराने शिल्लक आहेत, लग्नखर्चापैकी ४८,००० रुपये क्रेडिट कार्डावर थकले आहेत आणि माझ्या नावावर ६०,००० रुपयांची मुदत ठेव आहे. वडील पीपीएफ सुरू करा म्हणतात, तर सासूबाई भिशीत घाला म्हणतात. माझ्या शिक्षणाचे कर्ज यजमानांच्या पगारातून फेडणे मला प्रशस्त वाटत नाही, हेही सांगायला हवे.

पहिला प्रतिसाद
ठेव याच आठवड्यात मोडा आणि कार्ड पूर्ण फेडा. महिना साडेतीन टक्के आकारणी धरली, तर ४८,००० वर १,६८० रुपये व्याज आणि त्यावर १८ टक्के जीएसटीचे ३०२ रुपये होतात; म्हणजे किमान देय रक्कम म्हणून २,४०० रुपये भरले, तरी मुद्दलातून केवळ ४१८ रुपये कमी होतात. शिवाय थकबाकी असेपर्यंत नव्या खरेदीला बिनव्याजी मुदत मिळत नाही. मुदतीपूर्वी ठेव मोडल्याने बुडणारे व्याज यापुढे नगण्य आहे.

उरलेल्या १२,००० रुपयांत दरमहा सोळा हजारांची भर घातली, तर साधारण दहा महिन्यांत तीन महिन्यांचा खर्च गाठीशी येईल. पीपीएफचा विचार त्यानंतर करावा, कारण त्यातील रक्कम पंधरा वर्षांसाठी अडकते आणि अडीअडचणीला सहज हाती येत नाही.

दुसरा प्रतिसाद
भिशीविषयी लिहितो. ती आरंभी लागली तर ते कर्ज असते आणि अखेरीस लागली तर बिनव्याजी बचत. तुमच्यावर आधीच कर्ज असताना या दोहोंची गरज नाही. महाविद्यालयात असताना आमच्या वसतिगृहातील भिशी एका मुलाने मध्येच हप्ते थांबवल्यामुळे मोडली आणि माझे परीक्षा शुल्क उसने घेऊन भरावे लागले. सासूबाईंना मात्र थेट नकार देऊ नका. तेवढ्याच रकमेचे आवर्ती ठेव खाते उघडले आहे, असे त्यांना सांगता येईल.

तिसरा प्रतिसाद
ताई, शेवटच्या वाक्याबद्दल. भाडे आणि घरखर्च मिळून ३८,००० रुपये पगारांच्या ७:५ या प्रमाणात वाटले, तर यजमानांचे सुमारे २२,१७० आणि तुमचे १५,८३० होतात. हप्ता भरूनही तुमच्याकडे साडेसहा हजारांच्या आसपास उरतात, म्हणजे तुमचे कर्ज तुम्हीच फेडत आहात. समान वाटणी केली असती तर हीच गोष्ट अवघड झाली असती. घरखर्चापुरते संयुक्त खाते ‘दोघांपैकी कोणीही अथवा हयात असणारा’ या पद्धतीने उघडा आणि पगाराची खाती स्वतंत्र ठेवा. शैक्षणिक कर्जाच्या व्याजावरील वजावट केवळ जुन्या करप्रणालीत मिळते. तिच्या आशेने कर्ज लांबवू नका.

प्रश्नकर्तीचे उत्तर
सर्वांचे मनापासून आभार. आज ठेव मोडण्याचा अर्ज दिला. ७:५ चा हिशेब यजमानांना दाखवला. आईवडिलांचे दहा हजारही त्याच प्रमाणात वाटावेत, असे त्यांनीच सुचवले.