चोक सोडला की गाडी बंद पडते – कार्ब्युरेटर बदलावा का?

प्रश्न:
वडिलांची जुनी १२५ सीसी फोर-स्ट्रोक बाईक वापरतो. थंडीत सकाळी किका मारून पाय भरून येतो. चोक (थंड इंजिनाला जादा पेट्रोल देणारा खटका) ओढला की कशीबशी सुरू होते, पण सोडला की बंद. इंजिन तापल्यावरही तेच, सिग्नलला रेस धरूनच थांबावं लागतं. पळताना मात्र काही तक्रार नाही. मेकॅनिक म्हणतात, कार्ब्युरेटरच (पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणारा भाग) बदला.

उत्तर १:
आधी स्पार्क प्लग बघा. चोक ओढून चार-पाच किका मारा आणि लगेच काढा. ओला असेल तर स्पार्ककडे बघा, कोरडा असेल तर पेट्रोलच पोहोचत नाहीये.

उत्तर २:
एवढ्यात बदलू नका, चांगला कार्ब्युरेटर फुकट जाईल! पळताना ठीक म्हणजे मेन जेट (वेगात पेट्रोल देणारी भोकाची पितळी नळी) मोकळा आहे. तापल्यावरही चोक लागतो, म्हणजे स्लोला, मूठ सोडून इंजिन हळू चालताना, पेट्रोल कमी पडतंय. पायलट जेट (स्लोला पेट्रोल देणारा छोटा जेट) तुंबलाय, नाहीतर कार्ब्युरेटर आणि इंजिनमधलं रबर तडकून हवा ओढतंय.

रबर तपासणं सोपं. इंजिन चालू ठेवून जोडावर पाण्याचा बारीक फवारा मारा. आवाज बदलला की चीर तिथेच.

मग जेट. टाकीचा कॉक बंद करून कार्ब्युरेटरच्या खालच्या स्क्रूने बाऊल (त्यातली पेट्रोलची वाटी) रिकामा करा, पेट्रोल काचेच्या भांड्यात घ्या. तळाशी पाण्याचे थेंब दिसले तर टाकीही धुवावी लागेल. पायलट जेटचं भोक जेमतेम ०.४ मिलिमीटरचं असतं. जेट काढून उजेडाला धरा, पलीकडे स्वच्छ गोल ठिपका दिसला पाहिजे. त्यात तार किंवा सुई अजिबात घालू नका. पितळ मऊ असतं, भोक एकदा मोठं झालं की जेट गेला. कार्ब क्लीनरमध्ये भिजवा, दोन्हीकडून हवा मारा, जेटच्या अंगावरची बारीक छिद्रंही सोडू नका. मिक्स्चर स्क्रू (स्लोचं पेट्रोल-हवेचं प्रमाण ठरवणारा) काढण्याआधी हलक्या हाताने बसवून किती फेरे आत गेला ते लिहून ठेवा.

उत्तर ३:
चोक ओढल्यावर रेस देता का? चोकच्या पेट्रोलची वाट वेगळी असेल तर रेस दिल्यावर त्या वाटेवरची इंजिनची ओढ कमी होते आणि जादा पेट्रोल येतच नाही. मूठ बंद ठेवून किक मारा. तोंडाशी पाकळी फिरणारा चोक असेल तर थोडी रेस चालते.

प्रश्नकर्ता:
रबर ठीक निघालं. जेट उजेडाला धरला तर आरपार काही दिसेना, धुतल्यावर हिरवट राड निघाली. आता चोकशिवाय टिकते, पण स्लो जरा अडखळतो.

उत्तर २:
वा! आता इंजिन पूर्ण तापवा. मिक्स्चर स्क्रू पाव-पाव फेरा फिरवत जिथे आयडलिंग (स्लोचा वेग) सगळ्यात वर चढतं तिथे थांबा, आणि मग स्लोच्या स्क्रूने ते खाली आणा. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर बाऊल रिकामा करून ठेवा.