रविवारी शिवडी आणि सीवूड्स: कोण कोण येतंय?

(सोसायटीच्या ग्रुपवरून, नावांऐवजी फ्लॅट क्रमांक)

बी-४०३: मंडळी, काल एलिफंटाहून परतताना लाँचमागे हे पांढरे पक्षी थेट गेटवेपर्यंत आले. मुलं गाठ्या टाकत होती, ते हवेतच झेलत होते. यांना काय म्हणतात? फोटो टाकलाय.

डी-५०२: दादा, हे कुरव. फोटो मोठा करून डोळा बघा, फिकट आहे. पंखाच्या काळ्या टोकात पांढरा ठिपकाही दिसतोय. म्हणजे तपकिरी डोक्याचा कुरव. आत्ता डोकं पांढरं आणि कानामागे नुसता काळपट डाग, पण उन्हाळा जवळ आला की डोकं तपकिरी व्हायला लागतं. लडाख-तिबेटकडच्या तळ्यांवर घरटी करतात आणि हिवाळा आपल्या किनाऱ्यावर काढतात. फक्त गाठ्या, फरसाण नका हो देऊ. मासे, खेकडे, किडे खाणारे पक्षी आहेत, तळलेलं खारट त्यांच्यासाठी नाही. समुद्रात त्यांना भरपूर मिळतं.

बी-४०३: बरं झालं सांगितलंत ताई, मुलांना समजावतो. पण आता त्यांना आणखी पक्षी बघायचेत. कुठे नेऊ?

डी-५०२: या रविवारी मी शिवडीला जातेच आहे, सगळेच चला ना!

सी-२०१: शिवडीला आम्ही गेल्या वर्षी गेलो होतो. नुसता चिखल आणि पार लांब एक गुलाबी रेघ. मुलं कंटाळली.

डी-५०२: भर ओहोटीला गेला असणार. पाणी हटलं की रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, त्याच्यामागे आत आत जातात. पूर्ण भरतीला चिखलच बुडतो, मग काहीच दिसत नाही. पाणी चढत असताना जायचं, पक्षी आपोआप काठाकडे सरकतात.

ए-१०४: भरतीची वेळ मला विचारा, माझं माहेर वेसाव्याचं. तिथीच्या आकड्याची पाऊणपट करायची, तितके वाजता भरती. अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ, शुद्ध असो की वद्य. रविवारी द्वादशी आहे, म्हणजे सकाळी नऊच्या आसपास भरती. थोडं पुढंमागं होतं.

डी-५०२: काकू, अगदी हेच हवं होतं! मग सातला शिवडीला पोचू. दीड तास छान मिळेल. रोहितांचं खाणं नीट बघा. मान खाली सोडून चोच उलटी धरतात, वरचा भाग चिखलाकडे, आणि जिभेने पाणी आत-बाहेर करत गाळतात. जागेवरच पावलं आपटून चिखल ढवळतात. गडद लाल-काळसर चोच असेल तर लहान रोहित, तो बारीक शेवाळावर जगतो. उंच, पांढुरका, गुलाबी चोचीला काळं टोक असेल तो मोठा रोहित. राखाडी दिसतील ती पिल्लं. गुलाबी रंग खाण्यातून हळूहळू चढतो.

पण नुसते रोहित बघून परतू नका, माझा जीव खरा छोट्या पक्ष्यांत. चिखल्याची चोच आखूड, तो वरवरचं टिपतो. पाणटिवळ्याची लांब, तो खोलवरचे किडे काढतो. एकाच चिखलात दोघांचं भागतं. आणि शेकाट्या, लांब गुलाबी पायांचा, लगेच ओळखाल.

सी-२०१: आणि सीवूड्सला कशाला?

डी-५०२: तेच तर दाखवायचंय. भरतीला चिखल बुडाला की हे पक्षी जातात कुठे? पोहत थोडेच बसणार? त्यांना उथळ पाण्याची, निवांत उभं राहायला जागा लागते. नवी मुंबईत नेरूळ-सीवूड्सकडचे डीपीएस तलाव, टी. एस. चाणक्य या नौवहन प्रशिक्षण संस्थेजवळची पाणथळ, उरणकडे पाणजे, या त्या जागा. शिवडीहून निघून दहापर्यंत तिथे पोचलो तर थवेच्या थवे उभे दिसतील.

ए-७०२: एखादं तळं भरलं गेलं तर जातील की दुसरीकडे, पंख आहेत त्यांना.

डी-५०२: दुसरीकडे म्हणजे कुठे, काका? ठाणे खाडीचा काही भाग २०१५ पासून रोहित अभयारण्य आहे, २०२२ ला रामसर स्थळ, म्हणजे जागतिक महत्त्वाची पाणथळ जागाही झाला. पण खाडी म्हणजे त्यांचं ताट. ताट राखलं आणि टेकायची जागा बुजवली तर पक्षी भरतीभर घिरट्या घालत राहणार. खाऊन कमावलेली ताकद उडण्यातच जाणार. पुढे लांबचा प्रवासही असतो. बीएनएचएसने (बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी) २०२२ मध्ये इथल्या काही रोहितांना जीपीएस लावलं, त्यातले गुजरातेत पोचलेले दिसले. म्हणून तळी आणि खाडी एकत्रच वाचवायला हवीत, असं मला मनापासून वाटतं.

ए-७०२: हं. हे लक्षात नव्हतं आलं. माझं एक नाव लिहा.

ए-१०४: माझंही. गुडघे दुखतात, पण शिवडीपर्यंत येईन.

डी-५०२: काकू, स्टेशनपासून टॅक्सी करू. सव्वासहाला चेंबूर स्टेशन, सीएसएमटीकडची गाडी. शिवडीहून पुढे पनवेल गाडीने सीवूड्स. मेगाब्लॉकची वेळ शनिवारी रात्री बघून टाकते. टोपी, पाणी आणि मळके कपडे. दुर्बीण माझ्याकडे एकच आहे, कोणाकडे असेल तर आणा. ड्रोन नको, आणि फोटोसाठी चिखलात उतरायचं नाही, थवा उडतो.

बी-४०३: आम्ही चौघं. दुर्बीण आणतोय.